खाडीतल्या बेटावर जुन्या पद्धतीने पावसाळा काढायचाय? तयारी या क्रमाने करा

दरवर्षी मे संपता संपता कुणीतरी मुंबईहून येतं, आजोबांचं बंद घर उघडतं आणि म्हणतं आता चार महिने इथेच राहणार, चुलीवर जेवण, विहिरीचं पाणी, कंदिलाचा उजेड. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेच माणूस ओल्या गाद्या आणि अळ्या पडलेलं पीठ टाकून परत जातं. माणूस नाजूक असतो म्हणून असं होत नाही, बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो. जे जानेवारीत करायचं ते मेमध्ये करायला घेतात आणि जे मेमध्ये करायचं ते पाऊस पडल्यावर आठवतं.

हा लेख कोकणातल्या खाड्यांमधल्या बेटांसाठी आहे, ज्यांना आपल्याकडे जुवा किंवा जुवे म्हणतात. कालावल खाडीतलं पाणखोल जुवा, जैतापूर खाडीतलं जुवे अशी. नकाशात पाहिलं तर किनारा हाकेच्या अंतरावर वाटतो, पण जुलैत खाडीला लाल पाणी (पुराचं गढूळ पाणी) आलं की ते हाकेचं अंतर दोन-दोन दिवस पार होत नाही. खालचे सगळे आकडे दोन माणसं आणि चार महिने (जून ते सप्टेंबर) या हिशोबाने दिलेत.

## टप्पा १ : पाणी (आदल्या मे महिन्यात, नाहीतर निदान याच वर्षीच्या मेमध्ये)

सगळ्यात आधी विहीर. घर गळत असेल तर दुरुस्त होतं, पण विहीर खारी असेल तर तुमचा सगळा बेत तिथेच संपतो.

बेटावरच्या विहिरीत पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण गोडं पाणी हलकं. म्हणून ते हळूहळू उपसायचं. मोटर लावून भराभर ओढलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग पाऊस लागेपर्यंत विहीर सुधारत नाही. हे नव्याने आलेल्या माणसांच्या हातून इतक्या वेळा झालंय की सांगून कंटाळा आला, तरी पुन्हा सांगतो. रहाट आणि कळशी एवढंच ठेवा, आणि सकाळी थोडं संध्याकाळी थोडं असं काढा.

तपासणी कशी करायची: मेच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा विहीर सगळ्यात खाली असते, तेव्हा सलग दोन दिवस भरतीला आणि ओहोटीला पाणी चाखून बघा. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजवा. डाळ तासनतास दडदडीत राहिली आणि साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर हल्ली स्वस्तात मिळतं, ते घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पहिल्या कळशीचा आकडा आणि विसाव्या कळशीचा आकडा दोन्ही लिहून ठेवा. विसाव्याला आकडा चढला तर तुम्ही जास्त उपसताय.

मग विहीर साफ करून ब्लीचिंग पावडर. प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा, आलेला आकडा हजार लिटरचा. म्हणजे ३ मीटर रुंद विहिरीत २ मीटर पाणी असेल तर साधारण १४,००० लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि फक्त वरचं नितळ पाणी संध्याकाळी विहिरीत सोडायचं, म्हणजे सकाळी वापरता येतं.

सावध: पहिल्या पावसात विहिरीत आजूबाजूची सगळी घाण उतरते. जूनचे पहिले पंधरा-वीस दिवस पाणी उकळूनच प्यायचं, नितळ दिसलं तरी.

आणि पागोळीचं पाणी फुकट घालवू नका. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होतं, आणि आपल्याकडे मोसमात ३००० मिलिमीटर सहज पडतो. पहिले चार-पाच दिवस कौलं धुऊन जाऊ द्या, नंतर पिंप लावा. अंघोळ-भांडी-कपडे यावर भागतं आणि विहिरीला आराम मिळतो.

## टप्पा २ : भरती-ओहोटी आणि होडी

बेटावर घड्याळाच्या आधी तिथी बघायची सवय लावा. जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास सुकती (पूर्ण ओहोटी). पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पंधरवड्यांना हाच हिशोब. समुद्राच्या मुखापासून जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते, त्यामुळे आपल्या धक्क्यावर एक काठी रोवून चार दिवस बघा किती मिनिटांचा फरक पडतो, तो एकदा कळला की वर्षभर पुरतो.

याचा उपयोग काय? बाजाराचा दिवस ठरवायला. अष्टमी-नवमीला सकाळी भरतीवर निघालात तर संध्याकाळी भरतीवर परत येता, मधला अख्खा दिवस तालुक्याच्या कामाला मिळतो. पौर्णिमेला हे करायला गेलात तर संध्याकाळी पाचला पूर्ण सुकती, होडी चिखलात, आणि तुम्ही गुडघाभर रेंद्यात सामान डोक्यावर घेऊन. उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, हे विसरू नका.

होडी बांधताना दोर तोकडा ठेवू नका. भरतीला बांधलेली होडी सुकतीला दोरावर लटकते आणि सुकतीला बांधलेली भरतीला नाक पाण्यात घालते. दोर लांब, आणि मागून दुसरा. पावसात रात्रभरात होडी पाण्याने भरून बुडू शकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ उपसणं हे रोजचं काम धरायचं, कंटाळा आला तरी.

सावध: घाटात जोराचा पाऊस झाला की खाडीला गढूळ लाल पाणी येतं, ओंडके वाहत येतात. त्यात ओहोटी सुरू असेल तर नदीचा ओढा आणि ओहोटीचा ओढा एकाच दिशेला, सरळ समुद्राकडे. त्या वेळी कितीही घाई असो, होडी सोडायची नाही. भरती पूर्ण भरून पाणी थांबतं तेवढाच वेळ पार व्हायचा. लाइफजॅकेट आणा आणि घाला, गावात कुणी घालत नाही हे कारण नको.

तपासा: तुम्हाला स्वतःला वल्हं मारता येतं का? आदल्या मे महिन्याच्या शांत पाण्यात रिकामी होडी दहा वेळा पलीकडे नेऊन आणा, मग सामान घालून पाच वेळा. हे जमेपर्यंत पुढच्या टप्प्यावर पैसे घालवू नका.

## टप्पा ३ : छप्पर (मार्च-एप्रिल)

कौलं परतायला (काढून साफ करून पुन्हा बसवायला) माणसं मार्चमध्येच सांगा, मेमध्ये प्रत्येकालाच तीच माणसं हवी असतात. माणूस यायच्या आधी एक काम स्वतः करा: भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून आत उभे राहा आणि वर बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने खूण करा. कौलं परतून झाल्यावर पुन्हा असंच बघा, ठिपके गेले की पैसे द्या.

पन्नासेक जादा कौलं घरात हवीतच, कारण जुलैमध्ये वानर उडी मारणार किंवा नारळ पडणार, आणि तेव्हा कौलं आणायला होडी कुठून आणाल? कौलावर थेट पाय देऊ नका, खाली वासा आहे तिथेच वजन टाका.

झड ही वेगळी भानगड. पाऊस वरून येतो त्यापेक्षा बाजूने जास्त येतो, खास करून नैऋत्येकडच्या पडवीत. तिथे माडाच्या झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा बांधायचा, आणि तो रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आत. निळी ताडपत्री लावतात हल्ली, पण वाऱ्याने ती फडफडून फाटते, आणि आत हवा खेळत नाही म्हणून भिंतींना बुरशी येते. झापांतून वारा जातो आणि पाणी अडतं.

घराभोवतीचा चर याच वेळी मोकळा करा आणि जमीन चोपून सारवून घ्या. पाऊस लागल्यावर केलेलं सारवण सुकत नाही, पाय लावला की उठतं.

## टप्पा ४ : सरपण (जानेवारीपासून)

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मे महिन्यात तोडलेलं लाकूड जुलैमध्ये जळत नाही, नुसता धूर. लाकूड जानेवारीत फोडून उन्हात पडलं पाहिजे. आमच्या घरी दोन वेळचं जेवण आणि अंघोळीचं पाणी मिळून रोज पाच-सहा किलो लागतं, म्हणजे चार महिन्यांना साडेसहाशे-सातशे किलो. ऐकायला खूप वाटतं पण त्यातलं निम्मं माडच देतो: चुडतं (वाळलेल्या झावळ्या), पिढे (झावळीचे बुंधे), सोडणं (नारळाची वरची सालं), करवंट्या. करवंटी वेगळी पोत्यात ठेवा, ओल्या दिवसात चूल पेटवायला तिच्यासारखं काही नाही.

रचताना खाली दगड, त्यावर आडवे बांबू, मग लाकूड. जमिनीला टेकलेला खालचा थर वाळवीचा. चुलीच्या वर बांबूची मांडणी करून घ्या, उद्याचं लाकूड आज तिथे चढवायचं, म्हणजे धुराने कोरडं राहतं.

सावध: खाडीच्या कडेचं कांदळवन तोडायचं नाही. कायद्याने बंदी आहे, आणि उधाणाच्या लाटेपासून तुमच्या बेटाची माती तेच धरून ठेवतं. वाळलेली फांदी पण नको, एकाने सुरुवात केली की दुसरा कोयता घेऊन येतो.

## टप्पा ५ : आगोट

आता मुख्य काम. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. हे एक दिवस मॉलमध्ये जाऊन होत नाही, फेब्रुवारीपासून मेपर्यंत जसजशी वस्तू तयार होते तसतशी भरायची असते.

आधी एक नियम, जो सगळ्या वस्तूंना लागू आहे आणि जो सगळेच मोडतात. उन्हातून काढलेली वस्तू गरम असताना डब्यात भरायची नाही. सुकी मासळी असो, पापड, मिरच्या, आमसुलं, काहीही. गरम भरलं की डब्याच्या आत घाम सुटतो आणि पंधरा दिवसांत बुरशी. संध्याकाळी उन्हातून आत आणा, पंचावर पसरा, पूर्ण गार झालं की त्याच रात्री भरा. सकाळपर्यंत ठेवलंत तर हवेतली ओल परत शोषून घेतं.

दुसरा नियम: मोठा डबा फक्त उघडीप असलेल्या दिवशी उघडायचा, आठवड्याचं काढून छोट्या डब्यात घ्यायचं. भर पावसात मोठ्या डब्यात हात घातला की डबा संपला समजा.

तांदूळ. पेज आणि भात दोन्ही खाणार असाल तर माणशी रोज ३५० ग्रॅम धरा, दोघांना चार महिन्यांत ८५ किलो. थोडा उकडा, थोडा सुरय (न उकडलेला). नवा तांदूळ घेऊ नका, मागच्या दिवाळीचा फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, दोन दिवस सावलीत पसरा, आणि निगडीचा (निर्गुंडीचा) किंवा कडुनिंबाचा पूर्ण सुकलेला पाला मध्ये मध्ये घालून भरा. पाला ओलसर असेल तर घालूच नका, उलट कीड होईल.

पीठ साठवायचं नाही. दहा-दहा किलो गव्हाचं पीठ आणतात आणि जुलैत अळ्या निवडत बसतात. तांदूळ भिजवून वाटून घावणे करा, आंबोळ्या करा, कुळथाचं पीठ महिन्याचं तेवढंच जात्यावर काढा. कुळीथ सहा किलो आणि तूरडाळ दहा किलो, एरंडेलाचा हात लावून ठेवा.

सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि खाडीला लाल पाणी आलं की पागही (हाताने फेकायचं जाळं) नीट टाकता येत नाही. म्हणून सोडे, सुकट, सुका बांगडा, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. घेताना मोडून बघा, कट्कन मोडला पाहिजे, वाकला तर आत ओल आहे. घरी आणून पुन्हा दोन कडक उन्हं द्या, वरच्या नियमाप्रमाणे गार करा, कागद घातलेल्या पत्र्याच्या डब्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. श्रावण पाळणार असाल तर त्याप्रमाणे कमी घ्या, उरलेली मासळी पुढच्या वर्षाला चालत नाही.

आमसुलं आणि आगळ (रातांब्याचा खारवलेला रस). रातांबे (कोकमाची फळं) एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे फळ हातात आलं की त्याच दिवशी फोडायचं. साल आणि गर वेगळा, गराच्या रसात मीठ, त्या रसात सालं बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. चार-पाच पुटं तरी हवीत. दोन पुटांवर थांबलेली आमसुलं फिकी पडतात आणि लवकर बुरसतात. आगळ काचेच्या बाटलीत किंवा चिनी मातीच्या बरणीत, धातूला आंबट लागलं की भांडं पण जातं आणि आगळ पण.

मीठ. खडं मीठ घ्या, ते बारीक मिठापेक्षा कमी पाझरतं. बरणीत भरून चुलीच्या उबेला ठेवा. लोणची आणि खारातल्या कैऱ्या धरून दहा किलो तरी लागतं. कैऱ्यांना एक भाग मीठ, चार भाग पाणी, पाणी उकळून पूर्ण गार करून. कैरी देठासकट, मार न लागलेली, आणि वर दगड ठेवायचा म्हणजे एकही कैरी पाण्याबाहेर डोकं काढणार नाही. एक बाहेर राहिली की तिथून सगळी बरणी नासते.

बाकी गोष्टी भराभर सांगतो: नारळ रोजचा एक धरून १२० (सोललेले नकोत, सोडणासकट टिकतात), तेल दहा लिटर, मसाला दोन किलो, गूळ सहा किलो, कांद्याच्या माळा आढ्याला टांगून पण ऑगस्टपर्यंतच्याच, कारण पुढे त्यांना कोंब येतात. फणसाच्या आठळ्या धुऊन सावलीत सुकवून लाल मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवा, श्रावणातल्या भाजीत घालायला. सुरण मातीतच राहू द्या, लागेल तेव्हा खणा. काडेपेट्या दोन डझन, पण एकाच ठिकाणी नको, तीन वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यांत.

तपासा: ३१ मेला सगळं भरून झाल्यावर एक आठवडा फक्त या साठ्यातूनच जेवा, बाहेरून काही आणू नका. काय विसरलंय ते तिसऱ्या दिवशीच कळतं आणि तेव्हा होडी चालू असते.

## टप्पा ६ : उजेड आणि फोन

सोलरवर भरवसा ठेवून येऊ नका, जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. दोन कंदील, जादा काचा, वाती. दिव्याला उंडीचं कडू तेल मिळालं तर बघा, पूर्वी तेच जाळायचे, मात्र धूर होतो म्हणून पडवीतच. फोन दिवसातून एकदाच चालू करायचा, दोन पॉवरबँक, आणि पलीकडे गेलात की दोन्ही भरून आणायच्या. टॉर्च उशाशी पाहिजेच पाहिजे, रात्री टॉर्चशिवाय जमिनीवर पाय ठेवायचा नाही.

## टप्पा ७ : आजारपण

जुन्या पद्धतीने राहायचं ते जेवणाखाण्यात आणि कामात. औषधपाण्यात जुनी पद्धत मला मान्य नाही, बेटांवर त्यापायी माणसं गेलेली आहेत.

रोजच्या गोळ्या चार महिन्यांच्या अधिक पंधरा दिवसांच्या. ओआरएस, जखमेचं मलम, पट्ट्या, थर्मामीटर. पायाला चीर असेल तर चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण तशीच होते. ताप, पोटऱ्यांत कळा आणि डोळे लाल, हे दिसलं की काढा पीत बसू नका, त्याच दिवशी भरती बघून पलीकडे दवाखान्यात.

फुरसं, घोणस, मण्यार, नाग, चारही आपल्याकडे आहेत. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, माणसाला चालवायचं नाही. आडवं ठेवून तसंच होडीत घाला. विंचवाला मांत्रिक नको, लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केव्हाच दाखवून दिलंय, डॉक्टरकडे वेळेत पोचणं एवढंच आपल्या हातात असतं.

मेमध्येच हे करून ठेवा: सर्पदंशाची लस नक्की कुठल्या रुग्णालयात असते ते स्वतः जाऊन विचारा. १०८ ची गाडी पलीकडच्या धक्क्यापर्यंत येते, बेटावर नाही, म्हणून रात्री होडी कोण वल्हवणार त्या दोन माणसांशी आधी बोला. फोन लागला नाही तर खूण काय तेही ठरवा. आमच्याकडे थाळी वाजवतात, सणावाराशिवाय थाळी वाजली की वाडीतले सगळे धक्क्यावर येतात.

## टप्पा ८ : पाऊस लागल्यावर

पहिल्या वर्षी भातशेती करू नका. खारजमिनीचा बांध, उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) कधी उघडायची कधी लावायची, खाऱ्यात तग धरणारं बियाणं, हे एका मोसमात शिकून होत नाही आणि तुमच्या चुकीने शेजाऱ्याच्या शेतात खारं शिरतं. त्यापेक्षा त्याच्या लावणीला जा, हाताखाली काम करा. परसात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी लावा, बाजूला भेंडी, अळू. टाकळा-कुर्डू या रानभाज्या आपोआप उगवतात. अळंबी मात्र जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय तोडायची नाही.

रोजचा क्रम साधा ठेवा: उठल्यावर होडी उपसणं, मग पाणी, मग चूल, मग उद्याचं लाकूड मांडणीवर. दुपारी उघडीप मिळाली तर बाकी सगळं सोडून अंथरुणं आणि डबे उन्हात. उघडीप दोन तासांचीसुद्धा असते, नंतर करू म्हटलंत की गेली.

नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात जायला लागतात, ताजे मासे मिळायला लागतात. त्या दिवशी प्रत्येक डब्यात काय किती उरलंय ते मोजा आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. आमच्या दारावर गेल्या वर्षीचं अजून आहे: सुकट कमी पडली, गूळ दोन किलो उरला, करवंट्या अजून एक पोतं हव्या होत्या.